चिकूखालची वाट

तुमच्या बाबाने तुम्हाला सांगितलं असेल की आजी बागेत पडली. ते बरोबर नाही. मी बागेत पडले नाही, वाटेवर पडले. बागेत चिखल असतो, खतमाती असते, तिथे माणूस जपून पाय टाकतो. वाटेवर तो विश्वासाने चालतो, म्हणूनच तिथे पडल्याचा मला जास्त राग आला. तो राग वर्षभर टिकला. त्या वर्षाची हकिगत मी क्रमाने लिहून काढते आहे, कारण तुमचा बाबा ती मधूनच कुठून तरी सुरू करतो आणि त्याच्या सांगण्यात मी विनोदी दिसते.

आधी जागा समजून घ्या. डहाणूहून गंजाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आपलं फाटक आहे. फाटकापासून घराच्या ओट्यापर्यंत बावन्न पावलं, माझी, साडीतली. ही बावन्न पावलं सहा चिकूंच्या खालून जातात. चिकूचं झाड पानं झडून कधी मोकळं होत नाही. फांद्या खाली लोंबतात, एकमेकींत शिरतात, आणि बाराही महिने खाली दाट सावली असते. तुमच्या आजोबांनी या सावलीतून शहाबादी फरश्यांची वाट केली होती. उन्हाळ्यात तिच्यावर अनवाणी चाललं की तळव्यांना गार वाटायचं. पावसाळ्यात मात्र फरश्यांवर शेवाळ धरायचं. मग दर शनिवारी ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासायचं, असा नेम होता. आजोबा गेल्यावरही चार वर्षं मी तो पाळला.

गेल्या वर्षी जुलैत एक शनिवार चुकला. सोमवारी सकाळी फाटकावरून दुधाची पिशवी घेऊन येताना चौथ्या झाडाखाली माझा पाय सरकला. पिशवी फुटली नाही, मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. डाव्या हाताने वरणभात खाता येतो, पण समोरच्या माणसाने बघू नये असं वाटतं.

दिवाळीत बाबाचा परदेशातून व्हिडिओ फोन आला. तुम्ही दोघं मागे दिसत होतात, फराळाच्या ताटाशी.

"आई, पुढच्या ऑगस्टमध्ये मी आठवडाभर येतोय. मुद्दाम भर पावसात येतोय. तोपर्यंत वाट सुरक्षित झालेली दिसली नाही, तर तू बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये राहायला जायचंस. फ्लॅट रिकामाच पडलाय. लिफ्ट आहे, वॉचमन आहे, खाली डॉक्टर आहे."

"आणि बाग?"

"बाल्कनी आहे ना."

ती बाल्कनी तुम्हाला ठाऊक आहे. तिच्यात वॉशिंग मशीन आहे.

मी चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. कोणी माझी परीक्षा घ्यायची म्हटलं की मी रडत बसत नाही, अभ्यासाला लागते. वही घेतली आणि पहिल्या पानावर लिहिलं: वाट कशाची करावी. त्यानंतर तीन महिने मला जो भेटला त्याने या प्रश्नाचं उत्तर दिलं. विचारलं नाही त्यानेही दिलं.

बाबाने तिकडून व्हिडिओ पाठवले. एका माणसाने रंगीत गोट्यांवर मधासारखं काहीतरी ओतलं आणि ते दुसऱ्या दिवशी दगडासारखं घट्ट झालं. मी विचारलं, हे इथे कुठे मिळतं? तो म्हणाला, "शोध ना, आई." तळासरीच्या बाजारात उभं राहून मी मधासारखं काय शोधणार होते ते त्याने सांगितलं नाही.

तरी तळासरीला गेले. हायवेलगत बांधकामाच्या सामानाचं मोठं दुकान आहे, त्याचा मालक माझा विद्यार्थी. घरी गुजराती बोलतो, दुकानात तीन भाषा बोलतो आणि माझ्याशी बोलताना अजून उभा राहतो. त्याने खुर्ची दिली, थंड पाणी दिलं आणि पेव्हर ब्लॉक दाखवले. लाल, पिवळे, राखाडी, आणि एक हाडाच्या आकाराचा.

"टीचर, आता सगळे हेच टाकतात. शाळेत टाकले, देवळात टाकले, स्मशानातपण टाकले."

"स्मशानात घसरलं तरी चालतं," मी म्हटलं. "पावसात याच्यावर शेवाळ धरतं का ते सांग."

"धरतं थोडं. पण दिसायला एकदम सोबर."

"आणखी काय आहे?"

"कपची नाखो ने, टीचर. म्हणजे कपची टाका. पाणी खाली जाईल, कटकट नाही."

कपची म्हणजे खडीपेक्षा बारीक दगडाचे तुकडे. मराठीत काय म्हणतात ते मला आठवेना, म्हणून वहीतही कपचीच लिहिलं. मग कोटा फरशी पाहिली, घासलेली आणि बिनघासलेली. तिच्यापुढे पाऊण तास उभी होते. शेवटी त्याने हळूच विचारलं, "टीचर, घरात कोणी नाही का, जो ठरवेल?" नववीत याला मी दोनदा बाकावर उभं केलं होतं. तिसऱ्यांदा करायला हवं होतं.

गवंडी झरीचे. वयाने माझ्याएवढेच, म्हणून आम्ही एकमेकांना अहोजाहो करतो. ते वाट बघायला आले, तंबाखू मळत चिकूंखालून फाटकापर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, "सिमेंट करा."

"बाकीचे पर्याय?"

"सिमेंट ओलं असताना वर खराट्याच्या रेघा मारू. पाय धरून राहील."

"हे तुम्ही कुठे केलंय?"

"गोठ्यात. म्हशी पडत नाहीत."

म्हशीला चार पाय असतात, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. वाद घालायचा नाही आणि मतही बदलायचं नाही, ही त्यांची पद्धत.

मतांना कंटाळून मी शेवटी ठरवलं की स्वतः पडताळून पाहायचं. स्वयंपाकघरामागे, कपडे वाळत घालतो त्या मोकळ्या जागेत, एका ओळीत सहा चौकोन करून घेतले, प्रत्येक तीन फूट लांब, तीन फूट रुंद. पेव्हर, कपची, बिनघासलेला कोटा, उभ्या विटा, चोपलेला मुरूम आणि रेघांचं सिमेंट. प्रत्येकापुढे ऑइलपेंटने नंबर घातला. रोज सकाळी नळीने सगळ्यांवर दहा मिनिटं पाणी मारायचं, अर्धा तास थांबायचं, मग मी ज्या चपलांत पडले त्याच चपला घालून सहाही चौकोनांवरून चालायचं आणि गुण द्यायचे. घसरण्याला वेगळे, पाणी साचण्याला वेगळे, अंगठा अडकण्याला वेगळे. एप्रिल गेला, मे अर्धा गेला. एवढी स्वच्छ वही मी दहावीच्या निकालाचीही ठेवली नव्हती.

अडचणी आल्या. मुरमात शेजारच्या कोंबड्या धुळीची अंघोळ करू लागल्या. विटांचा चौकोन दिवसेंदिवस आखडत गेला. चौकशी केली तेव्हा कळलं की तुमची मावशी पाण्याच्या पिंपाखाली लावायला एकेक वीट नेत होती. तुम्ही जिला मावशी म्हणता ती, मागच्या पाड्यावरची. घरकाम आणि बाग दोन्ही तीच बघते, वीस वर्षं झाली.

"अगं, ती परीक्षेची वीट आहे."

"पिंप हलतं, बाई. पडलं तर परीक्षा कोनाची?"

तिला रोज मी चाललेलं बघायला उभं करत असे, पडले तर कोणी असावं म्हणून. हातात टोपली घेऊन ती बघायची. तिने एकदाही मत दिलं नाही. मीही विचारलं नाही, हे कबूल करते.

वीस मेला निकाल लागला. रेघांचं सिमेंट पहिलं. गवंड्यांना फोन केला तर ते नुसतं "हां" म्हणाले. त्या "हां"चा मला दिवसभर त्रास झाला. आठवड्यात आजोबांच्या फरश्या उचलून कुंपणालगत रचल्या, खाली खडी चोपली, सिमेंट ओतलं आणि त्यावर आडव्या रेघा मारल्या, पट्टीने आखल्यासारख्या. बावन्न पावलांची देखणी वाट झाली. फोटो बाबाला पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

जूनमध्ये काही झालं नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी ओट्यावरून बघते तर वाट हिरवी. सगळी नाही, नुसत्या रेघा हिरव्या, वहीच्या पानासारख्या आखलेल्या. खाली वाकून बोट फिरवलं तर बुळबुळीत. पाणी रेघांत थांबत होतं. वटवाघळांनी अर्धे खाऊन टाकलेले चिकू त्यांच्यात चिरडले जात होते, आणि त्या गोड लगद्यावर शेवाळ मजेत वाढत होतं. साध्या फरशीवर निदान खराटा फिरायचा. इथे प्रत्येक रेघ वेगळी खरवडायला हवी.

मी मागच्या बाजूला गेले. सहावा चौकोन, तेच सिमेंट, तीच रेघ, त्याच गवंड्यांचा हात, अगदी कोरडा आणि करकरीत. दोन पावसांच्या मध्ये ऊन पडलं होतं आणि चौकोन पांढरा चमकत होता.

"हे कसं?" मी मावशीला विचारलं. "नमुना स्वच्छ आणि वाट घाण. मिस्त्रींनी सिमेंट कमी घातलं असणार."

ती कपडे पिळत होती. पिळता पिळता म्हणाली, "बाई, तुम्ही पडलात सावलीत. परीक्षा घेतलीत उन्हात."

  दीड महिना, सहा चौकोन, ऑइलपेंटचे नंबर, आणि सगळा पेपर अभ्यासक्रमाबाहेरचा.

"हे तुला तेव्हाच दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही लिहीत होतात."

बाबाला फोन केला नाही. त्याचाच आला, आणि तो मुलगा माझाच. माझ्या आवाजावरून त्याला कळलं. "झाडं छाटून टाक," तो म्हणाला. "ऊन येईल." सहा झाडं, खालपासून वरपर्यंत लहानमोठ्या चिकूंनी भरलेली. वाटेवर माझा पाय घसरतो म्हणून त्यांचे हात तोडायचे, हे मला पटलं नाही. मी नाही म्हटलं. "मग बोरिवली," तो म्हणाला. त्याच्या येण्याला पाच आठवडे राहिले होते.

त्या संध्याकाळी मी ओट्यावर बसून मावशी घरी जाताना बघत होते. डोक्यावर सरपणाचा भारा, रिमझिम चालू. ती माझ्या नव्या वाटेने गेली नाही. ओट्यावरून उतरली, चिकूंना बाहेरून वळसा घातला, कुंपणाच्या कडेकडेने, लिलीच्या वाफ्यातून, मेंदीच्या रांगेतल्या एका फटीतून निघाली आणि फाटकाशी पोचली. एकदाही खाली न बघता.

या लिलीच्या वाफ्यावरून आमची चार वर्षं भांडणं चालली होती. "वाट असताना वाफ्यातून का जातेस?" असं मी महिन्यातून एकदा तरी म्हणायची आणि ती "हो बाई" म्हणायची. शेवटी तिचा रस्ता अडवायला मी ती मेंदीची रांग आडवी लावली. तिने रांगेत फट पाडली. मी फटीत नवं रोप लावलं. ते जगलं नाही. का जगलं नाही, ते आता कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी छत्री घेऊन मी तिच्या मागून चालले. कुंपणाकडे चिकूची सावली पोचत नाही. जमीन ओली होती, पण घट्ट. शेवाळाचं नाव नाही. पाणी उताराने आपोआप रस्त्याच्या गटाराकडे जात होतं. मोजली, ब्याण्णव पावलं.

"पावसाळ्यात सगळे इथूनच जातात?"

"पोस्टमन जातो, गॅसवाला जातो, मीटरवालापन जातो. चिकूखालून तुम्हीच जाता, बाई."

हे मला कोणीही सांगितलं नव्हतं. चौतीस वर्षं शाळेत बाईपणा केल्यावर माणसं आपल्याला चुका दाखवत नाहीत, हा त्यातला तोटा. तुम्ही दोघं दाखवत जा.

मग मेंदीची रांग उपटली. लिली दुसरीकडे हलवल्या. गवंड्यांना बोलावलं. ते आले, हिरव्या रेघांकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हशी उन्हात असतात." एवढंच. ही त्यांची दिलगिरी होती की उलटतपासणी, ते मी विचारलं नाही. पावसात सिमेंट होणार नव्हतं, फरशी बसणार नव्हती, विटा उन्हातही पाणी पितात. राहिली कपची. तळासरीहून टेम्पो आला. खाली मुरूम टाकला, चोपला, वर चार बोटं कपची पसरली. दोन दिवसांत काम झालं. मी चपला घालून गेले, आले, पुन्हा गेले. पाय कुठेही हलला नाही. मनात म्हटलं, ये आता तू ऑगस्टमध्ये.

मावशी त्या वाटेवर आलीच नाही. कपचीला लागून जी उघडी माती राहिली होती तिच्यावरून, एक पाऊल पुढे एक पाऊल, दोरीवरून चालावं तशी चालली.

"आता काय झालं?"

"टोचतं, बाई."

"मग चप्पल घाल."

"चप्पल घालून तुम्ही पडलात."

मी चिडले, आणि चिडणं चूक होतं. त्या वाटेवरून दिवसातून दोनदा मी जाते. ती वीसदा जाते, डोक्यावर ओझं घेऊन, अनवाणी. सहा चौकोनांवर मी दीड महिना चालले, तिला एकदाही चालायला सांगितलं नाही. नुसतं बघायला उभं केलं.

गवंडी तिसऱ्यांदा आले. त्यांनी कपचीवर दगडाची बारीक भुकटी टाकली, झाडूने फटींत भरली, पाणी शिंपडलं, लाकडी चोपण्याने बडवली. वर कडक, सपाट, थोडी खरबरीत अशी जमीन झाली. पाणी मात्र अजून खाली झिरपत होतं. मावशीला टोपली घेऊन चालायला लावलं. वही मी मुद्दाम घरात ठेवली. ती फाटकापर्यंत गेली आणि परत आली.

"कसं आहे?"

"चालेल."

"दहापैकी किती?"

"चार दिवस जाऊ दे, मग सांगते."

चार दिवसांनी तिला विचारलं नाही. ती वाटेच्या मधून चालत होती, तेवढं पुरे होतं.

बाबा पंधरा ऑगस्टच्या आधी आला. रिक्षातून उतरला, फाटक उघडलं, चाकांची मोठी बॅग ओढू लागला. बॅगेची बारीक चाकं खरबरीत कपचीवर अडकू लागली. मी ओट्यावरून बघत होते. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, बॅग उचलली आणि सपाट सिमेंट दिसलं तिकडे वळला, चिकूंखाली.

"तिकडून नको," मी ओरडले.

"अगं, ही नवी वाट ना? फोटोत पाठवलेली?"

तिसऱ्या झाडाखाली तो सरकला. बॅगेला धरून राहिला म्हणून पडला नाही. पँटला हिरवं लागलं, एवढंच.

"आई," तो तिथूनच म्हणाला, "हे सुरक्षित आहे?"

"ती वाट नाही. ती बंद आहे."

"मग तिच्यावर सिमेंट का केलंय?"

ओट्यावर बसून चहा घेताना मी त्याला सगळं सांगितलं, जसं तुम्हाला सांगते आहे तसंच. तो हसला आणि मग हसायचा थांबला. पुढचे चार दिवस तो पावसात दोन्ही वाटांवरून चालला. मला पुढे चालायला लावून मागून आला. पावलं मोजली. त्याचा जन्म या घरातला, तरी इंजिनियर असल्यासारखा उकिडवा बसून उतार बघत होता. तो इंजिनियर नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

चौथ्या दिवशी म्हणाला, "बाहेरची वाट चांगली आहे. मान्य. पण चाळीस पावलं जास्त आहेत. फाटकावर कोणी बेल वाजवली, पाऊस जोरात आहे, कुकर गॅसवर आहे. तेव्हा तू वळसा घालशील?"

"घालीन."

"नक्की?"

"मी काय लहान आहे?"

मावशी ओटा पुसत होती. तो तिच्याकडे वळला. "ताई, तुम्ही सांगा. आई चिकूखालून जाते का?"

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"दोनदा गेल्या," ती म्हणाली. "एकदा कुरिअर आलं तेव्हा, एकदा उगाच."

उगाच नव्हे. त्या दिवशी रेडिओवर बातम्या लागल्या होत्या आणि मी फाटकाशी होते. पण ते सांगून काय उपयोग होता? बाबा फोन घेऊन आत गेला आणि बोरिवलीच्या सोसायटीत कोणाशी तरी लिफ्टबद्दल बोलू लागला. दार उघडंच होतं. मला ऐकू यावं म्हणूनच असणार.

त्या दुपारी मावशीचा राग आला होता, पण तो टिकेना. ती खोटं बोलली असती तर बाबा गेल्यावर, एखाद्या दिवशी, चौथ्या झाडाखाली तिनेच मला उचललं असतं. माझं मलाच माहीत होतं की मी पुन्हा जाणार. जवळची वाट समोर दिसत असताना लांबून जायला माणूस रोज शहाणा असावा लागतो. मी आठवड्यातून पाच दिवस शहाणी असते.

गवंड्यांना फोन केला. "मिस्त्री, उद्या पहार घेऊन या. सिमेंट फोडायचंय."

पलीकडून आवाज आला, "रेघांचं?"

"रेघांचं."

"हां," ते म्हणाले.

सकाळी ते आणि त्यांच्याबरोबरचा एक माणूस असे दोघे आले. पहिली पहार बसली तेव्हा मी आत होते. मला ते बघायचं नव्हतं. एवढं सरळ काम माझ्या हातून आयुष्यात फार थोडं झालं असेल. बाबा आवाज ऐकून बाहेर धावला. "आई, हे काय चाललंय?" मी म्हटलं, जवळची वाट काढून टाकतेय.  मग त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि तुकडे उचलून घमेल्यात भरू लागला. गवंड्यांनी त्याला एकदा सांगितलं, "कंबर वाकवू नका, भाऊ, गुडघे वाकवा." दोन तासांत त्याचे तळवे सोलले. संध्याकाळपर्यंत चिकूंखाली नुसती माती राहिली, उकरलेली, चिखलाची, पाय घालावासा वाटणार नाही अशी. मावशीने तिच्यात हळदीचे उरलेले गड्डे लावून टाकले. हळदीचा वेळ गेला होता, ते तिलाही माहीत होतं. पण मी हळदीवर पाय देणार नाही हेही तिला माहीत होतं.

फ्लॅटबद्दल बाबा दोन दिवस काही बोलला नाही. मीही विचारलं नाही. विचारणं म्हणजे परवानगी मागणं, आणि माझ्याच घरात राहायला मी माझ्याच मुलाची परवानगी मागणार नव्हते. तरी प्रत्येक जेवणाला वाट बघत होते, हे लिहून ठेवते.

निघायच्या दिवशी रिक्षा फाटकाशी आली. बाबाने बॅग डोक्यावर घेतली, कारण चाकांचा इथे उपयोग नाही हे तोपर्यंत त्याला कळलं होतं. मी छत्री घेऊन मागून चालले. अर्ध्या वाटेवर, मागे न बघता, तो म्हणाला, "फ्लॅट भाड्याने देतोय. एक कुटुंब मिळालंय. एक सप्टेंबरपासून अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट."

मला बरं वाटलं. मग मी महिने मोजले.

"म्हणजे एकतीस जुलैला संपेल."

"हो."

"भर पावसात. शेवाळाच्या ऐन महिन्यात तू मला पुन्हा तपासणार आणि फ्लॅट नेमका तेव्हाच रिकामा असणार."

"आई, सगळे अकरा महिन्यांचंच करतात. मी काही मुद्दाम नाही केलं."

"मग दोन वर्षांचं कर."

"दोन वर्षांचं ते लोक करणार नाहीत."

"मग डिसेंबरपासून कर. ऑक्टोबरअखेर संपेल. तोपर्यंत आख्खा पावसाळा झालेला असेल, आणि मी पडले की नाही ते कागदावर येईल."

"आणि डिसेंबरपर्यंत फ्लॅट रिकामा ठेवू?"

"ठेव."

तो थांबला. डोक्यावर बॅग, वर पाऊस, पुढे रिक्षावाला हॉर्न वाजवतोय. बॅग एका हाताने सावरत दुसऱ्या हाताच्या बोटांवर त्याने महिने मोजले, लहानपणी मोजायचा तसेच, अंगठ्याने पेरांवर.

"बरं," तो म्हणाला. "डिसेंबर."

"लिहून पाठव," मी म्हटलं.

अजून पाठवलेलं नाही. तुम्ही दोघांनी त्याला आठवण करून द्या.